वाटेत सांडलेला उजेड

दिवे गेले तेव्हा पुंजाराम गुरुजींच्या कागदावरचा आकडा अर्धाच लिहून झाला होता. त्यांनी पेन हातात तसेच धरून ठेवले. अंधारात ते टेबलावर ठेवले की घरंगळते, आणि मग पलंगाखाली हात घालून चाचपडावे लागते.

"मामा, उठू नका. आणते कंदील," आतून सुनेचा आवाज आला. बेबीनंदा सासऱ्याला मामा म्हणायची.

टेंभुर्णीत त्या हिवाळ्यात वीज दिवेलागणीलाच जायची आणि गावाची जेवणे उरकून माणसे आडवी झाली की यायची. कुणी आता तक्रारही करत नसे. घरात रॉकेलचे दोन दिवे होते. एक काचेचा कंदील आणि एक चिमणी, म्हणजे पत्र्याच्या डबीला वात लावलेला उघडा दिवा. कंदील गुरुजींच्या टेबलावर जायचा, चिमणी आत राहायची. हे कुणी ठरवून केले नव्हते. गुरुजींची बायको दुर्गाबाई होती तेव्हा ती राखेने काच पुसायची आणि कंदील टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवायची, लिहित्या हाताची सावली कागदावर पडू नये म्हणून. दुर्गाबाई गेली. बेबीनंदानेही कंदील डाव्याच अंगाला ठेवला.

"कालचंच करून राह्यलात का?" तिने वाकून कागद पाहिला.

"कालचंच."

"जमंना का अजून?"

"जातानी जमतं. परत येतानी जमत न्हाई."

गुरुजी गावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. त्यानंतर एकदा औरंगाबादला शिक्षकांच्या शिबिरात पुण्याचे एक संपादक आले. ते मराठीत विज्ञानकोश काढत होते. बऱ्याच नोंदी वाटून झाल्या होत्या, एक कुणीच घेत नव्हते. 'प्रकाशतीव्रतेची जुनी एकके'. जी मापे आता जगात कुणी वापरत नाही त्यांच्यावर कशाला डोके शिणवायचे, असे सगळ्यांना वाटत असावे. गुरुजींचा हात वर गेला, तोही अर्धाच. लगेच खाली घ्यावा असे त्यांना वाटले होते, पण तोवर संपादकांनी नाव विचारले होते.

तेव्हापासून ते ही नोंद लिहीत होते. जालन्याच्या एका रद्दीवाल्याकडे मिळालेली दोन जुनी इंग्रजी पुस्तके त्यांच्या जवळ होती. पूर्वी प्रत्येक देशाचा उजेड वेगळा होता. इंग्रजांची ठरावीक वजनाची मेणबत्ती. फ्रेंचांचा कार्सेल नावाचा तेलाचा दिवा. जर्मनांचा हेफ्नर, त्याची ज्योत एका ठरावीक उंचीचीच ठेवायची. गुरुजी मेणबत्तीपासून निघायचे, तिचा कार्सेल करायचे, कार्सेलचा हेफ्नर, आणि हेफ्नरवरून पुन्हा मेणबत्तीकडे यायचे. जिथून निघालो तिथेच पोचायला हवे. पण एका पुस्तकात कार्सेल साडेनऊ मेणबत्त्यांचा होता, दुसऱ्यात जवळपास दहाचा. प्रत्येक वेळी परत येईपर्यंत वाटेत कुठेतरी थोडा उजेड सांडलेला असायचा. चूक पुस्तकाची की आपली, हे त्यांना ठरवता येत नसे. बहुधा ते आपलीच धरून चालत आणि नवा कागद घेत.

हे सगळे रात्री. दिवसा लिहायची त्यांना लाज वाटे. अख्खे गाव रानात वाकलेले असताना आपण ओट्यावर पेन धरून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने "काय चाललंय गुर्जी?" विचारायचे, आणि आपण काय सांगायचे? म्हणून दिवसा ते बद्रीनाथच्या दुकानात पेपर वाचत, दुपारी झोप काढत. लिहिण्यासाठी रात्रीची वाट बघत.

"पन यका देशाचं दुसऱ्याला का जुळंना?" बेबीनंदाने विचारले. तिला खरेच जाणून घ्यायचे होते की सासऱ्याचे मन राखायचे होते, गुरुजींना कधी कळायचे नाही.

"आपल्या बाजारची पायली भोकरदनच्या बाजारात बराबर बसायची का पूर्वी? तसंच हे. सगळ्यात आधी मेनबत्ती. देवमाशाच्या चरबीची. तिच्या उजेडाला एक म्हनायचं."

"देवमासा म्हनायचं आन् त्याचीच चरबी जाळायची?" ती हसली. "मंग आपला कंदील किती कँडलचा?"

गावात बल्बसुद्धा कँडलवरच मागत. गुरुजींनी सगळी नोकरी वर्गात "कँडल नाही, वॅट म्हणा" सांगण्यात घालवली, आणि शाळा सुटली की तीच मुले बद्रीनाथकडे साठ कँडलचा बल्ब मागायची. त्यामुळे सुनेने प्रथमच तो शब्द बरोबर जागी वापरला याचे त्यांना बरे वाटले.

"आठ. काच साफ आसली तर धा."

"आन् चिमनी?"

"एक. लय झालं तर."

"बरं," असे म्हणून ती आत गेली. थोड्या वेळाने मधल्या खोलीतून शिवणमशीनचा आवाज सुरू झाला. गुरुजी आकड्याकडे वळले होते.

दोन-तीन दिवसांनी सकाळी चांगुणाबाई आली. ती अंगणवाडीत मदतनीस होती. पुढच्या रविवारी विहारात तिच्या मुलीचे लग्न होते. नवरीची साडी पांढरी, ब्लाऊज पांढरे, करवल्यांचेही पांढरेच. हे सगळे काम तिने बेबीनंदाला दिले होते. आजवर बेबीनंदाने फॉल लावले, शाळेचे गणवेश शिवले, फाटके सांधले. लग्नाचे काम पहिल्यांदाच आले होते.

"बेबे, बाहीर ये. हिकडं, उन्हात ये जरा."

गुरुजी ओट्यावर दात घासत होते. चांगुणाबाईने आदल्या रात्री नेलेले ब्लाऊज पिशवीतून काढून उन्हात उलगडले. पांढऱ्याशुभ्र कापडावर प्रत्येक शिवणीची रेघ पिवळसर दिसत होती. बाह्यांना, गळ्याला, कडेला.

"काय वं हे? पोरीला हळद लागायच्या आधी ब्लाऊजलाच लागली का?"

बेबीनंदा ब्लाऊजकडे बघतच राहिली. मग धावत आत जाऊन रिळांचा डबा घेऊन आली. "पांढरंच रीळ लावल्तं, अक्का. हे बघ, हेच..." तिने ते वर धरले. उन्हात ते रीळ फिकट पिवळे होते. पांढरे डब्यात तसेच पडलेले होते.

चांगुणाबाईचा आवाज खाली आला. "दिसत न्हाई का गं तुला? दाखव कोनाला तरी डोळे. माझ्या नंदेचं असंच झाल्तं, आधी रंग गेले."

"उसवून देते, अक्का. सगळे देते."

"दे. पन जल्दी दे. आन् होत नसंल तर तोंडानं सांग, मी जाफराबादला टाकते. राग न्हाई माझा."

"होतं," बेबीनंदा म्हणाली.

दिवसभर तिने रानातले काम टाकून ब्लेडने शिवणी उसवल्या. दुपारी गुरुजींना जेवायला वाढले तेव्हा तिच्या पदराला पिवळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

"मामा, हसनाबादला माझ्या भावाला निरोप धाडता का? हे लगन झालं की मशीन घेऊन जा म्हनावं."

मशीन तिच्या माहेरचे होते. लग्नात भावाने दिले होते. "का?" गुरुजींनी विचारले.

"माझ्या आईचे डोळे असेच गेल्ते. चाळिशीच्या आतच. आता माझे चालले. दुसऱ्याचं कापड नासायचं पाप कशाला?"

"कडूबाला सांगितलं का?"

"त्यांला काय सांगू? आले की सांगन." तिचा नवरा कडूबा जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. पंधरवड्यातून एकदा यायचा, झोपायचा, जायचा. रान बघायची बेबीनंदा, शेळ्या तिच्या, शिवण संध्याकाळचे.

गुरुजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. त्यांना एक ओळ आठवली होती. त्यांच्याच नोंदीतली. 'हेफ्नर दिव्याची ज्योत तांबूस असल्याने तिच्या उजेडात फिकट रंगांविषयी डोळा फसतो. पांढरे आणि पिवळसर यांतला भेद नाहीसा होतो.' गेल्या पावसाळ्यात लिहिलेली. नोंदीत न खोडलेल्या ज्या थोड्या ओळी होत्या त्यांत ही एक. किती वेळा वाचली असेल. आणि शेजारच्या खोलीत सून तशाच ज्योतीसमोर बसून पांढरे कापड शिवत होती.

सांगायला हवे होते. पण चिमणीचे नाव काढले की कंदिलाचे निघणार, आणि कंदील कुठे असतो हे निघणार. गुरुजींनी जन्मात कधी बोलणे आपणहून सुरू केले नव्हते. दुर्गाबाई म्हणायची, "तुमच्या मनातलं काढायला विहिरीत पोहरा सोडावा लागतो." ते हात धुवून पलंगावर जाऊन पडले. झोप आली नाही. कंदील देऊन टाकू, असे त्यांनी ठरवले. मी चिमणीवर लिहीन. ठरवल्यावर त्यांना थोडे हलके वाटले, आणि ते उठले.

"बेबीनंदा, चिमनी लाव."

"आता? भरदुपारी?"

"लाव. आन् दार लोट."

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दार लोटल्यावर अंधार झाला. चिमणीच्या उजेडात त्यांनी डब्यातली दोन रिळे तिच्यासमोर धरली. "ह्यातलं पांढरं कोन्तं?"

तिने दोन्ही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "हे," ती म्हणाली. मग, "न्हाई, हे."

"मलाबी कळंना," गुरुजी म्हणाले. त्यांनी मोठा कंदील लावून जवळ आणला. खोली उजळली, पण दोन्ही रिळे एकाच रंगाची राहिली. एक किंचित जास्त पिवळे असावे असे वाटायचे, नीट पाहिले की वाटायचे नाही. गुरुजी त्या रिळांकडे बघत उभे राहिले. कंदील देऊन सुटता आले असते तर बरे झाले असते. पण कंदिलानेही भागत नव्हते.

त्यांनी जाऊन दार उघडले. ऊन मशीनपर्यंत आत आले.

"आता सांग."

"हे," बेबीनंदाने क्षणही न लावता पांढरे रीळ उचलले.

"तुझे डोळे बिलकुल ठीक हायेत. उजेडच फसवा हाय. आगीचा समदा उजेड तसाच असतो. आईचं वेगळं आसंल."

ती कितीतरी वेळ रीळ उन्हात फिरवत राहिली. एकदा पदराने डोळे पुसले, तेही घाम पुसल्यासारखे. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "म्हंजी दिवसा शिवायचं. आन् दिवसा रान कोन बघंन? शाळू हुरड्यात आला, पाखरं तुटून पडून राह्यलीत."

गुरुजींनी चिमणी फुंकून विझवली. ती मशीनवरचा कचरा झटकू लागली. बोलणे तिथेच संपलेले होते, आणि दोघांनाही ते तसेच संपलेले चालले असते.

"मी जातो रानात," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही?" तिने पदर तोंडाला लावला. पण हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी डोक्याला उपरणे गुंडाळून दोन शेळ्या घेऊन निघाले तेव्हा बद्रीनाथने दुकानातून हाक दिली, "गुर्जी, आज पेपर न्हाई का? का पाखरांची शाळा भरवून राह्यलात?"

"भरवतो," गुरुजी म्हणाले. आणखी काही सुचले असते तर बरे, असे त्यांना वेस ओलांडेपर्यंत वाटत राहिले.

त्या दिवशी त्यांनी पिशवीत कागद नेले होते. पाखरे राखायच्या माळ्यावर, शेतातल्या त्या मचाणावर, कुणी बघणारे नव्हते. ऊन स्वच्छ होते. कार्सेलचा आकडा एकदा नीट, शांतपणे बघू म्हणून ते बसले, आणि त्या दिवशी हिशोब असा सरळ चालला की डोके वर करायचे भान राहिले नाही. डोके वर केले तेव्हा बांधाकडच्या ओळींवर पाखरांचा थवा बसला होता. त्यांनी आरडाओरडा केला, डबा बडवला. पाखरे उठली ती पलीकडे जाऊन पुन्हा बसली. संध्याकाळी बेबीनंदा वैरणीला आली. रिकाम्या कणसांवरून तिने हात फिरवला आणि सासऱ्याला काहीच म्हणाली नाही. गुरुजींना वाटले, म्हणाली असती तर बरे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागद घरीच ठेवले.

पाखरे सकाळी आणि दुपार कलल्यावर येत. मधल्या वेळात शेळ्या दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरत. गोफण फिरवून गुरुजींचा खांदा धरला. ओरडून घसा बसला. वर्गात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. रात्री जेवण झाले की कंदील टेबलावर येई, डाव्या अंगाला, आणि गुरुजी पेनाचे टोपण काढत. मेणबत्तीपासून निघत. कार्सेलपर्यंत कसेबसे पोचत. पुढच्या वाटेवर वात बारीक करून क्षणभर डोळे मिटत, आणि कधी झोप लागे ते कळत नसे. वीज आली की बल्बच्या उजेडाने जाग यायची तेव्हा गालाखाली कागद असायचा.

चांगुणाबाईच्या मुलीचे लग्न झाले. गुरुजी विहाराच्या मागच्या बाजूला बसले होते. नवरी पांढऱ्या साडीत दरवाजातून आत आली. ते ब्लाऊजच्या शिवणी शोधत राहिले. एकही दिसली नाही. जेवताना चांगुणाबाई त्यांच्या पानासमोर उभी राहून म्हणाली, "गुर्जी, सून बरी शिवते तुमची. माझ्या बहिनीबी टाकनार हायेत तिच्याकडं." गुरुजींनी मान डोलावली आणि जास्तीचा लाडू घेतला.

हसनाबादला निरोप गेला नाही. तो विषय निघालाच नाही. मशीन मधल्या खोलीतून उचलून दारात आणले होते, आणि ते तिथेच राहिले. शाळू काढला तेव्हा हरभरा काढायचा होता, मग शेळ्या होत्याच. रान संपत नाही हे गुरुजींना उशिरा कळले.

एक दिवस पुण्याचे कार्ड आले. तो खंड छपाईला चालला होता. आपली नोंद या महिन्याअखेर पोचावी, अन्यथा नाइलाज आहे, असे संपादकांनी सभ्यपणे लिहिले होते. गुरुजींनी ते खिशात ठेवले. रानात दोन-तीनदा काढून वाचले.

रात्री बेबीनंदा कंदील घेऊन आली. ठेवल्यावर लगेच गेली नाही.

"मामा, आताशा लिहीत न्हाई का?"

"लिहितो की."

"काच काळी होत न्हाई आताशा. पुसायला लागत न्हाई." ती बोटाने काचेची कडा चाचपत म्हणाली. "मी संध्याकाळी जात जाऊ का रानात? ऊन उतरल्यावर?"

"ऊन उतरल्यावर शेळ्याबी घरी येत्यात," गुरुजी म्हणाले. "झोप तू."

ती गेल्यावर त्यांनी कोरे कार्ड घेतले. 'स. न. वि. वि. नोंद पूर्ण होऊ शकली नाही. आकड्यांचा मेळ बसत नाही, चूक माझीच असावी. वाचकांची गैरसोय होऊ नये म्हणून त्या जागी "पाहा: कँडेला" एवढेच छापावे.' कँडेला हे आजचे, सगळ्या देशांनी मानलेले माप. त्याची नोंद दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहिलेली होती. त्यांनी खाली 'आपला वेळ घेतला, क्षमा असावी' असे लिहिले. ते वाक्य थोडे जास्त झाले असे त्यांना वाटले. पण कार्डावर खाडाखोड बरी दिसत नाही. कंदिलाची वात त्यांनी खाली केली. रॉकेल कशाला जाळायचे.

कार्ड टाकले त्या दिवशी ते रानातून परत येत होते. सूर्य त्यांच्या पाठीमागे टेकला होता. त्यांच्या घराचे दार मावळतीला होते. शेवटचे ऊन त्या दारातून आत गेले होते आणि दारातच मशीनवर बेबीनंदा वाकली होती. कुणाचे तरी निळे कापड होते. पाय पटपट चालत होता. उजेड असेपर्यंत ती कड संपवायची असावी. तिने कापड डोळ्यांजवळ ओढून घेतले होते, वर बघायलाही तिला सवड नव्हती.

गुरुजी ओट्याच्या पायरीपाशी पोचले आणि थांबले. त्यांची सावली लांब झाली होती. पायरीवरून ती उंबऱ्यापर्यंत गेली होती. आणखी एक पाऊल टाकले असते तर कापडावर पडली असती.

ते मागे सरले. भिंतीच्या कडेला, ऊन नव्हते त्या बाजूला जाऊन उभे राहिले. खांदा ठणकत होता. टेकायला ओटा समोरच होता. शेळीने घर पाहून दोर ओढला. त्यांनी तो आखडून हाताला गुंडाळला आणि मशीनचा आवाज थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.